एकाच सोन्यावर दोनदा कर

वस्तू व सेवा कराची (जीएसटी) नवी दररचना २२ सप्टेंबर २०२५ रोजी अमलात आली. बहुतेक वस्तू ५ आणि १८ या दोन टक्केवारींत बसवल्या गेल्या. साबणापासून मोटारींपर्यंत कशाचे दर उतरले, याच्या याद्या वर्तमानपत्रांनी पानभर छापल्या. या गदारोळात एक दर जागचा हलला नाही. सोने-चांदीवरचा ३ टक्क्यांचा खास दर १ जुलै २०१७ पासून जसा होता तसाच राहिला. सराफ बाजाराने सुटकेचा निःश्वास टाकला, कारण दर वाढण्याची धास्ती होती. राज्यांनी आपला दीड टक्का शाबूत राहिल्याचे समाधान मानले. ग्राहकाच्या बाजूने मात्र कोणी काही विचारलेच नाही.

मी येथे ज्या ग्राहकाचा विचार करतो आहे, तो दागिना घेणारा ग्राहक नाही. धनत्रयोदशीला, दसऱ्याला किंवा अक्षय्य तृतीयेला दोन, पाच किंवा दहा ग्रॅमचे नाणे विकत घेऊन कपाटात ठेवणारा, महाराष्ट्रात वेढणी घेणारा, दक्षिणेत आठ ग्रॅमच्या ‘पवन’ या मापाने सोने साठवणारा असा तो माणूस आहे. नाणे तो अंगावर घालत नाही, कोणाला दाखवत नाही. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घरातले आजारपण यांसाठी तो ते ठेवतो. करकायद्याच्या दृष्टीने मात्र तो दागिना, मोबाइल किंवा पंखा विकत घेणाऱ्यासारखाच उपभोक्ता ठरतो.

आधी हिशेब पाहू. जागतिक बाजारात १०० रुपयांचे असलेले सोने ६ टक्के सीमाशुल्क भरून देशात आले की १०६ रुपयांचे होते आणि त्यावर ३ टक्के जीएसटी लागून ग्राहकाच्या हाती पडते तेव्हा १०९ रुपये १८ पैशांचे झालेले असते. सीमाशुल्क १५ टक्के होते, म्हणजे जुलै २०२२ ते जुलै २०२४ या काळात, हाच आकडा ११८ रुपये ४५ पैसे होता. यातला सीमाशुल्काचा भाग देशांतर्गत भावात मुरलेला असतो. नाणे परत विकताना तो बहुतांशी वसूल होतो, कारण बाजारभावच तेवढा चढा असतो. जीएसटीचे तसे नाही. सराफाकडे नाणे मोडायला नेले तर तो जीएसटी वगळूनच भाव देतो. व्यापाऱ्याने भरलेला कर त्याला पुढच्या करातून वजा करून मिळतो. घरगुती ग्राहक साखळीच्या शेवटच्या टोकाला असल्याने त्याचे तीन टक्के कायमचे गेलेले असतात. नाणे बँकेतून घेतले असेल तर अडचण आणखी एका पायरीने वाढते. बँका नाणी विकतात, पण स्वतः विकलेली नाणी परत घेत नाहीत. नफा झालाच तर त्यावर भांडवली नफ्याचा कर वेगळा आहेच.

जीएसटी हा उपभोगावरचा कर आहे, हे त्याच्या समर्थकांनी २०१७ मध्ये आपल्याला पुन्हा पुन्हा सांगितले होते. मग बचतीवर तो का? मुदत ठेवीत पैसे ठेवताना ठेवीच्या रकमेवर जीएसटी लागत नाही. समभाग घेताना समभागाच्या किमतीवर लागत नाही. खुद्द सरकारने नोव्हेंबर २०१५ पासून विकलेल्या सार्वभौम सुवर्णरोख्यांवरही तो नव्हता. उलट त्यांवर वर्षाला अडीच टक्के व्याज मिळत होते. भाव तोच, धातू तोच, फक्त रोख्यात तो कागदावर होता. मोबाइलवर रुपया-रुपयाने विकले जाणारे ‘डिजिटल’ सोने घेतले की पुन्हा ३ टक्के. सोन्यावर किती कर लागावा हे ते कोणत्या रूपात घेतले यावर ठरावे, यामागे करशास्त्राचे कोणते तत्त्व आहे, हे मला अद्याप कोणत्याही सरकारी दस्तऐवजात आढळलेले नाही. आणि सुवर्णरोख्यांची शेवटची विक्री फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. भाव चढत गेल्याने सरकारला ते कर्ज महाग पडू लागले, म्हणून नवी विक्री थांबली. त्यानंतर सामान्य बचतदारापुढे जे पर्याय उरले, त्यांत गावातल्या सराफाकडे चालत जाऊन घेता येईल असा पर्याय नाण्याचाच आहे.

आता दुसऱ्या कराकडे येतो, कारण खरा सल तिथे आहे. एका कुटुंबाने दहा वर्षे नाणी जमवली आणि मुलीच्या लग्नात ती देऊन हार घेतला, असे समजा. हिशेबाला सोपा म्हणून १० ग्रॅमला एक लाख रुपये हा भाव धरू आणि तो स्थिर होता असेही मानू. ५० ग्रॅम सोन्याच्या नाण्यांवर या कुटुंबाने पाच लाखांवर १५ हजार रुपये कर भरलेला आहे. आता तेवढेच शुद्ध सोने असलेला हार घेतला. घडणावळ ५० हजार. कुटुंबाच्या खिशातून सोन्याचे पैसे जाणार नाहीत, कारण सोने त्यांचेच आहे. पण कायदा या व्यवहारात दोन वेगळे व्यवहार पाहतो: कुटुंबाने सराफाला नाणी विकली आणि सराफाने कुटुंबाला हार विकला. दुसऱ्या व्यवहारात मोबदला पैशांत दिला की सोन्यात, याने फरक पडत नाही. त्यामुळे कर हाराच्या पूर्ण किमतीवर, म्हणजे साडेपाच लाखांवर लागतो. तो होतो १६,५०० रुपये. त्याच सोन्यावर त्याच कुटुंबाने एकूण ३१,५०० रुपये भरले.

हेच कुटुंब जुन्या पद्धतीने गेले असते तर? घरची नाणी ओळखीच्या कारागिराच्या हाती द्यायची, ‘याचा हार कर’ म्हणायचे आणि फक्त मजुरी चुकती करायची. तेथे सोने शेवटपर्यंत ग्राहकाचेच राहते, विक्री होतच नाही. कर लागलाच तर ५० हजारांच्या मजुरीवर लागतो आणि कारागीर लहान, नोंदणीच्या मर्यादेखालचा असेल तर तोही नाही. म्हणजे हार तोच, नाणी तीच, कुटुंब तेच. काचेच्या दुकानात गेले तर साडेपाच लाखांवर कर आणि गल्लीतल्या कारागिराकडे गेले तर केवळ कामाच्या मोलावर. आपले सोने आपल्यालाच परत मिळत असेल तर त्यावर पुन्हा कर नसावा, हे तत्त्व कायद्याला मान्य आहे असा याचा अर्थ होतो. ते त्याने फक्त आधुनिक, बिल देणाऱ्या, हॉलमार्कचा दागिना विकणाऱ्या दुकानाच्या दारात सोडून दिले आहे. ज्या व्यवहारांना उजेडात आणायचे म्हणून जीएसटी आला, त्यांनाच तो अधिक महाग करतो.

जुन्या सोन्याबाबत सरकारचाही पहिल्यापासून गोंधळ आहे. जुलै २०१७ मध्ये, कर लागू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा तत्कालीन महसूल सचिव हसमुख अढिया यांनी जुने दागिने सराफाला विकले तर ३ टक्के कर लागेल असे सांगितले. देशभर खळबळ उडाली. दुसऱ्याच दिवशी महसूल खात्याने खुलासा केला की घरगुती माणूस जुना दागिना विकतो तेव्हा तो ‘व्यवसाय’ करत नसतो, म्हणून कर नाही. खुलासा योग्यच होता. पण तो विकण्यापुरता होता. बदलून घेण्याचा प्रश्न त्याने मिटवला नाही. जुना दागिना रूप न बदलता पुन्हा विकला तर सराफाला फक्त आपल्या नफ्यावर कर भरण्याची सवलत नियमांत आहे. नाण्याच्या बाबतीत तिचा उपयोग नसल्यासारखाच, कारण हार करायचा तर नाणे वितळवावेच लागते.

येथे वाचक म्हणेल, मग नाणी आणि चोख सोने करमुक्तच करून टाका; जगात अनेकांनी केले आहे. खरे आहे. युरोपीय महासंघाने १९९८ च्या निर्देशानुसार १ जानेवारी २००० पासून ‘गुंतवणुकीचे सोने’ मूल्यवर्धित करातून वगळले. त्याची व्याख्याही काटेकोर आहे. सळई किंवा बिस्कीट असेल तर शुद्धता किमान ९९५. नाणे असेल तर शुद्धता किमान ९००, ते १८०० नंतर पाडलेले असावे, मूळ देशात ते कायदेशीर चलन असावे किंवा पूर्वी असलेले असावे आणि त्याची किंमत आतल्या सोन्याच्या किमतीपेक्षा ८० टक्क्यांहून अधिक चढी नसावी. चांदीला ही सवलत नाही. सिंगापूरने ऑक्टोबर २०१२ पासून अशीच सूट दिली. अमेरिकेत विक्रीकर हा सर्वस्वी राज्यांचा विषय असल्याने तेथे एकच उत्तर नाही. बहुसंख्य राज्यांनी नाणी आणि सळ्या विक्रीकरातून पूर्णतः किंवा अंशतः वगळल्या आहेत. टेक्सासमध्ये पूर्वी एक हजार डॉलरांच्या वरच्या खरेदीलाच सूट होती, म्हणजे मोठ्या खरेदीदाराला माफी आणि लहानाला कर. २०१३ मध्ये ती अट काढली गेली. उलट वॉशिंग्टन राज्याने महसुलाच्या ओढीने जुनी सूट रद्द करून १ जानेवारी २०२६ पासून कर पुन्हा बसवला. सूट मागणाऱ्यांचा तेथील मुख्य युक्तिवाद मोठा रंजक आहे. अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदानुसार राज्यांना सोन्या-चांदीच्या नाण्यांखेरीज दुसरे काही कर्जफेडीचे साधन ठरवता येत नाही. मग जे घटनेनेच चलन मानले, ते घेताना कर कसा, असे ते विचारतात.

हा युक्तिवाद आपल्याकडे चालणार नाही. भारतात सोन्याचे नाणे चलन नाही. मुंबईच्या टांकसाळीत १९१८ मध्ये ब्रिटिश सॉव्हरिन पाडले गेले होते, हा आता इतिहास झाला. सरकारने नोव्हेंबर २०१५ मध्ये अशोकचक्राचे ‘इंडियन गोल्ड कॉइन’ काढले, तेही कायदेशीर चलन नव्हते. जीएसटी कायद्याच्या व्याख्येतला ‘पैसा’ म्हणजे भारतीय कायदेशीर चलन, परकीय चलन, धनादेश वगैरे. त्यात सोने बसत नाही.

पण सरसकट सूट मला मान्य नाही याचे कारण व्याख्येतले नाही, व्यवहारातले आहे. युरोपात बिस्कीट घेणारा ते तिजोरीत ठेवतो आणि दागिना घेणारा वेगळा असतो. भारतात नाणे ही पुष्कळदा दागिन्याची कच्ची अवस्था असते. नाण्यावर शून्य आणि हारावर तीन टक्के अशी रचना झाली की हाराची विक्री कागदोपत्री नाण्याची विक्री होईल आणि नाण्याचा हार शेजारच्या खोलीत, बिलाविना होईल. शिवाय ग्रामीण भागातली बाई बचत म्हणून नाणे कमी आणि मणी, डोरले, पाटल्या, बांगड्याच अधिक घेते. तिची बचत करपात्र आणि शहरातल्या गुंतवणूकदाराचे शंभर ग्रॅमचे बिस्कीट करमुक्त, असा न्याय कोणत्या तोंडाने सांगणार?

फट दिसली की नाणी तिच्यातून किती वेगाने वाहतात, याचा अनुभव आपण घेतलेला आहे. दक्षिण कोरियाशी झालेल्या करारामुळे तेथून येणाऱ्या सोन्यावर मूळ सीमाशुल्क नव्हते, पण नाणी आणि पदके यांच्यावर उत्पादनशुल्काच्या बरोबरीचा साडेबारा टक्के अधिभार होता. जीएसटी आला आणि तो अधिभार त्यात विरघळला. उरला फक्त तीन टक्के. १ जुलै ते ३ ऑगस्ट २०१७ या जेमतेम पाच आठवड्यांत कोरियातून सुमारे ३४ कोटी डॉलरांचे सोने आले. त्याआधीच्या संपूर्ण वर्षात ते सात कोटी डॉलरांचे होते. ऑगस्टच्या अखेरीस सरकारला ही आयात निर्बंधित यादीत टाकावी लागली. त्याआधी २०१३ मध्ये, चालू खात्याची तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.८ टक्क्यांवर गेलेली असताना, रिझर्व्ह बँकेने नाणी आणि पदके यांची आयातच बंद केली होती. ती फेब्रुवारी २०१५ मध्ये खुली झाली. सरकारचा हात प्रथम नाण्यावर पडतो, यालाही जुना इतिहास आहे. १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने आणि पुढे १९६८ च्या कायद्याने सामान्य नागरिकाला चोख सोन्याची लगड बाळगणेच गुन्हा ठरवले होते. दागिना चालेल, लगड चालणार नाही. तो कायदा १९९० मध्ये मधू दंडवते अर्थमंत्री असताना रद्द झाला. समाजवादी विचारांच्या मंत्र्याच्या कारकिर्दीत सोने मुक्त व्हावे, याचे अनेकांना तेव्हा नवल वाटले होते. मला त्यात नवल वाटत नाही. सत्तावीस वर्षांत त्या कायद्याने तस्करी रोखली नव्हती आणि सोनारांचा धंदा मात्र मोडला होता, हे दिसायला विचारसरणीची आवश्यकता नव्हती.

राज्यांची बाजू ऐकल्याशिवाय या विषयाला पूर्णता येत नाही, कारण मूळ कर त्यांचा होता. विक्रीकराच्या आणि नंतर व्हॅटच्या काळात सोन्यावर किती कर लावायचा, हे राज्य ठरवत असे. तरीही २००५ मध्ये व्हॅट आणताना बहुतेक राज्ये १ टक्क्यावर थांबली. कारण साधे होते. एक किलो सोने कोटाच्या खिशात मावते. शेजारच्या राज्याने दर कमी ठेवला की आपल्या हद्दीतली विक्री तिकडे जाते. महाराष्ट्रातही हा दर शेवटी १.२ टक्क्यांपलीकडे गेला नाही. या सर्वांत वेगळे होते केरळ. तेथे व्हॅट ५ टक्के होता. बहुतेक सराफ प्रत्यक्ष विक्रीवर कर भरण्याऐवजी ठोक रकमेची तडजोड योजना स्वीकारत, आणि पालक्काडच्या ग्राहकाला कोइमतूर काही फार लांब नव्हते. पण राज्याच्या तिजोरीत सोन्याचा पैसा नियमित येई. २०१७ मध्ये जीएसटी परिषदेत सोन्याचा दर ठरत होता तेव्हा केरळचे तत्कालीन अर्थमंत्री थॉमस आयझॅक यांनी ५ टक्क्यांचा आग्रह धरला होता. इतर अनेकांना एक-दोन टक्केच हवे होते. तीन ही त्या ओढाताणीतली तडजोड आहे, तिच्यामागे कसले शास्त्र नाही. तिच्यातला दीड टक्का केंद्राचा, दीड टक्का राज्याचा. केरळच्या हातातले पाच टक्के गेले आणि दर बदलण्याचा अधिकारही गेला, कारण परिषदेत निर्णयाला तीन चतुर्थांश मतमूल्य लागते आणि एकट्या केंद्राकडे एक तृतीयांश आहे. दर ठरवता येत नाही म्हटल्यावर केरळने पाळतीचा मार्ग धरला. जानेवारी २०२५ पासून राज्यांतर्गत दहा लाख रुपयांच्या वरच्या सोन्याच्या वाहतुकीला ई-वे बिल सक्तीचे झाले. देशभर सोन्याला या बिलातून सूट आहे, ती केरळने आपल्यापुरती मोडली.

त्या सरकारची अगतिकता मी समजू शकतो. कर चुकवलेले सोने केरळात कसे येते, हे जुलै २०२० मध्ये तिरुवनंतपुरम विमानतळावर राजनैतिक सामानात सापडलेल्या सुमारे ३० किलो सोन्याने साऱ्या देशाला दाखवले होते. किलोला ७० लाख रुपये भाव धरला तर १५ टक्के सीमाशुल्क म्हणजे एका किलोमागे साडेदहा लाख. एवढे आमिष असेल तर वाहक मिळतातच. जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी शुल्क ६ टक्क्यांवर आणले, हा मला गेल्या दशकातला सोन्याबाबतचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. तस्कराचा नफा निम्म्याहून अधिक घटला आणि त्यासाठी एकही छापा घालावा लागला नाही.

मात्र सीमेवरचे आमिष घटले की दुकानातले आमिष ठळक होते. दिल्लीच्या कुचा महाजनीत एका सराफाने मला नाणे दाखवता दाखवता सहज विचारले, ‘बिल पक्के हवे की कच्चे?’ या प्रश्नाची किंमत १० ग्रॅममागे आजच्या भावात तीन हजार रुपयांहून अधिक आहे. पगारदार माणसाला ती लहान नव्हे. ‘कच्चे चालेल’ म्हणणाऱ्याला आपण कर चुकवला असेही फारसे वाटत नाही, कारण आपण बचत करतो आहोत, उपभोग नव्हे, असे त्याला मनातून ठाऊक असते. पण तो स्वतःचे मोठे नुकसान करून घेत असतो. प्राप्तिकर खात्याच्या १९९४ च्या परिपत्रकानुसार झडतीत विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने सहसा जप्त केले जात नाहीत. त्या परिपत्रकात शब्द आहे दागिने व आभूषणे. नाणी त्यात नाहीत. आईने दिलेल्या पाटल्यांना बिल लागत नाही. स्वतः घेतलेल्या नाण्याला लागते. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झालेली हॉलमार्क व्यवस्थाही दागिने आणि कलावस्तू यांच्या नावानेच निघालेली आहे. ज्या वस्तूला कागदाची सर्वाधिक गरज, तीच वस्तू कागदाशिवाय घेण्याचा मोह करव्यवस्था निर्माण करते.

या करातून कोणीच सुटत नाही, अशी एक बाजूची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. रिझर्व्ह बँकेने इंग्लंडमध्ये ठेवलेले आपले सुमारे १०० टन सोने परत आणल्याचे वृत्त मे २०२४ मध्ये आले. सीमाशुल्कातून त्याला सूट मिळाली, पण एकात्मिक जीएसटीतून मिळाली नाही, कारण त्यात राज्यांचा वाटा असतो, असे त्या वृत्तात म्हटले होते. मध्यवर्ती बँकेचे राखीव सोने जर ‘पुरवठा’ ठरत असेल, तर गृहिणीच्या डब्यातल्या दोन नाण्यांची काय कथा.

मग करावे काय? नाण्यावरचा तीन टक्के कर राहू द्यावा. पण नोंदणीकृत सराफाकडून पक्क्या बिलाने घेतलेले नाणे देऊन दागिना घेतला जात असेल, तर त्या नाण्यावर पूर्वी प्रत्यक्ष भरलेला कर दागिन्याच्या करातून वजा मिळावा. वरच्या उदाहरणात १६,५०० रुपयांतून १५ हजार वजा होतील आणि कुटुंब दीड हजार भरेल, जे नेमके घडणावळीवरचे तीन टक्के आहेत. भाव वाढलेला असेल तर वजावट आपोआप लहान होते. २०१७ च्या सुमारास १० ग्रॅमला ३० हजारांच्या भावाने घेतलेल्या ५० ग्रॅमवर कर भरला होता साडेचार हजार. तेवढेच वजा, उरलेले १२ हजार भरावे लागतील. म्हणजे वाढलेल्या मूल्यावरचा कर सरकार गमावत नाही. केवळ फरकाच्या रकमेवर कर घ्यावा, ही सराफ संघटनांना आवडेल अशी सूचना मी म्हणूनच करत नाही. तीत राज्यांचे फार नुकसान आहे आणि बनावट ‘जुन्या’ नाण्यांना आमंत्रण आहे. भरलेल्या कराची वजावट मागायची तर बिल दाखवावे लागेल. बिल दाखवायचे तर ते मुळात घेतलेले असावे लागेल. टांकसाळीने मोहोरबंद केलेल्या अनेक नाण्यांच्या वेष्टनावर अनुक्रमांक असतोच; तो बिलावर आणि विवरणपत्रात नोंदवायचा, एवढे तंत्र पुरेसे आहे. ज्या व्यवस्थेने एकेका दागिन्याला सहा अक्षरी ओळखक्रमांक दिला, तिला हे अवघड नाही. वार्षिक मर्यादाही घालता येईल. शंभर ग्रॅमपर्यंतची नाणी हा कुटुंबाचा व्यवहार मानता येतो. त्यापुढे तो बहुधा व्यापार असतो.

या सूचनेतली खरी अडचण वेगळी आहे आणि ती संघराज्याची आहे. नाणे कोचीत घेतले, दीड टक्का केरळला मिळाला. लग्न पुण्यात झाले, हार तेथे घेतला. केरळला मिळालेल्या कराची वजावट महाराष्ट्राने आपल्या तिजोरीतून का द्यावी? व्यापाऱ्यांच्या आंतरराज्य व्यवहारांसाठी एकात्मिक कराची हिशेबपूर्ती आहे, घरगुती ग्राहकासाठी ती नाही. ती उभारायची म्हटले तर परिषदेच्या समित्यांत दोन-तीन वर्षे सहज जातील, आणि नुकसानभरपाईचा काळ जून २०२२ मध्ये संपल्यापासून राज्ये एकेका दशांश टक्क्यासाठी किती हट्टाने भांडतात, हे आपण पाहतोच. त्यामुळे आरंभ दोन मर्यादांत करावा. नाणे आणि दागिना एकाच राज्यात घेतले असतील तर पूर्ण वजावट द्यावी. राज्ये वेगळी असतील तर वजावट फक्त केंद्राच्या दीड टक्क्याची. त्यात कोणत्याही राज्याचा पैसा जात नाही आणि कोणाचा हिशेब कोणाशी जुळवावा लागत नाही. नियम परिषदेच्या शिफारशीनेच बदलावा लागेल, पण एवढ्या शिफारशीला केरळने किंवा महाराष्ट्राने विरोध करण्याचे कारण मला दिसत नाही. कोचीत नाणे आणि पुण्यात हार घेणाऱ्या कुटुंबाला निम्माच दिलासा मिळेल, हे मान्य. आज त्याला काहीच मिळत नाही.